खेळ आणि काम, पडदा एकच

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मॉनिटर घ्यायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "गेमिंगसाठी हवाय की ऑफिससाठी?" बहुतेक घरांत याचे खरे उत्तर "दोन्हीसाठी" असेच असते. एकाच टेबलावर दिवसा कोणाचे तरी ऑफिसचे काम चालते, संध्याकाळी मुलांचा ऑनलाइन क्लास असतो आणि रात्री व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मॉनिटरवरची चर्चा प्रामुख्याने खेळणाऱ्यांनी पुढे नेली. त्यातून तंत्रज्ञान वेगाने सुधारले. मात्र "दोन्हीसाठी" म्हणणाऱ्याला उत्तरे तुकड्यातुकड्यांनीच मिळत राहिली. हे तुकडे आज कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत, हे पाहण्यासाठी हा आढावा.

नळीपासून पॅनेलपर्यंत

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेली कॅथोड किरणांची नळी पुढे शंभरेक वर्षे पडदा म्हणून टिकली. सीआरटी मॉनिटर जड होता, टेबल अडवायचा आणि तापायचा. तरी त्याचे दोन गुण खेळणाऱ्यांना अजून आठवतात. त्याला पिक्सेलची ठरलेली चौकट नव्हती, त्यामुळे कोणतेही रिझोल्यूशन त्यावर सारखेच शोभे. शिवाय प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून लगेच विझे, त्यामुळे हलणारे चित्र अतिशय स्वच्छ दिसे. या विझण्याचा तोटा म्हणजे लुकलुक. साठ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र ताजे होताना, सीआरटी डोळ्यांना खुपायचा, म्हणून दिवसभर वाचणारे लोक रिफ्रेश रेट ८५ हर्ट्झवर ठेवत. जास्त हर्ट्झची मागणी तेव्हा ऑफिसच्या टेबलावरूनही येत होती, हे आजच्या चर्चेत विसरले जाते.

एलसीडीने हा हिशेब बदलला. १९९६ च्या सुमारास हिताचीने आयपीएस आणि फुजित्सूने व्हीए ही पॅनेलची तंत्रे बाजारात आणली. स्वस्त टीएन पॅनेल त्याआधीपासूनच होते. एलसीडी एक फ्रेम दाखवली की पुढची येईपर्यंत ती धरून ठेवतो. त्यामुळे साठ हर्ट्झवरही लुकलुक जाणवत नाही, आणि ऑफिसांनी साठ हा आकडा पक्का धरला. खेळणारे मात्र नाराज झाले, कारण पिक्सेल सावकाश रंग बदलत आणि हलणाऱ्या वस्तूमागे सावली राही.

२००९ मध्ये सॅमसंगचा २२ इंची १२० हर्ट्झ मॉनिटर आला. तो एनव्हिडियाच्या त्रिमिती चष्म्यासाठी बनवला होता, कारण दोन डोळ्यांना आळीपाळीने साठ-साठ फ्रेम द्यायच्या तर १२० लागतातच. त्रिमितीची हौस ओसरली, पण तो वेग खेळणाऱ्यांनी सोडला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केले. ग्राफिक्स कार्डची फ्रेम तयार होण्याची वेळ आणि मॉनिटर ताजा होण्याची वेळ जुळली नाही, तर चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. जी-सिंकने मॉनिटरलाच कार्डच्या तालावर चालायला लावले. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळे आणि महाग मॉड्यूल लागे. २०१४ मध्ये व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने हेच काम डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातले, एएमडीने २०१५ पासून ते फ्रीसिंक या नावाने बाजारात आणले आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही अशा मॉनिटरना आपल्या कार्डांवर मान्यता दिली. या क्षेत्रातला हा एक वाद खऱ्या अर्थाने मिटला आहे. आज गेमिंगच्या नावाने विकला जाणारा जवळपास प्रत्येक मॉनिटर ही सोय देतो, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज राहिलेली नाही.

पॅनेलची बाजू कोणाची

टीएनची बाजू मांडणारे आता थोडेच उरलेत. बाजूने किंवा खालून पाहिले की त्याचे रंग उलटतात. स्पर्धात्मक नेमबाजी खेळणारे काही व्यावसायिक अजूनही २४ इंची टीएन मॉनिटर वापरतात, आणि असुसचा ५४० हर्ट्झचा मॉनिटर २०२३ मध्ये टीएनवरच आला. घरच्या मिश्र वापरासाठी हा पर्याय आता विचारात घ्यायचे कारण नाही.

खरी तुलना आयपीएस आणि व्हीए यांच्यात आहे. आयपीएसचे रंग कोणत्याही कोनातून जवळपास सारखे दिसतात आणि पिक्सेल आता पुरेसे चपळ झाले आहेत. त्याचा दोष म्हणजे काळा रंग करडा दिसतो. कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक असतो, अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांत फिकट चमक दिसते. एलजी डिस्प्लेच्या आयपीएस ब्लॅक पॅनेलने हे प्रमाण दुप्पट केले, पण ती पॅनेल सुरुवातीला मुख्यतः ऑफिसच्या महाग मॉनिटरमध्येच दिसली. व्हीएचा कॉन्ट्रास्ट तीन हजारास एकच्या घरात असतो. रात्री दिवा मालवून चित्रपट पाहणाऱ्याला हा फरक सहज कळतो. मात्र काळ्यातून गडद करड्यात जाताना व्हीएचे पिक्सेल मागे रेंगाळतात. रात्रीच्या दृश्यात कॅमेरा वळवला की शाई पसरल्यासारखा डाग हलतो. सगळ्याच व्हीएमध्ये तो सारखा नसतो. स्वस्त मॉडेलांत मात्र तो असणारच असे धरून चालावे.

या दोघांच्या वादात खोक्यावरचा "१ एमएस" हा रंगबदलाच्या वेळेचा आकडा काहीच मदत करत नाही. तो बहुधा पिक्सेलला लवकर रंग बदलायला लावणारे ओव्हरड्राइव्ह सर्वांत वर नेऊन, सर्वांत सोयीच्या रंगबदलात मोजलेला असतो. त्या सेटिंगवर प्रत्यक्षात पिक्सेल अपेक्षित रंगाच्या पुढे जाऊन परत येतो आणि हलणाऱ्या वस्तूमागे उजळ किनार दिसते. काही कंपन्या १ एमएसचा दावा वेगळ्याच मोजपट्टीवर करतात. त्यात बॅकलाइट क्षणभर विझवून धूसरपणा कमी केलेला असतो, आणि त्या बदल्यात उजेडही कमी होतो. व्हेसाने २०२२ मध्ये क्लियरएमआर नावाची मोजणी आणली, ती हलत्या चित्रातल्या स्पष्ट आणि धूसर पिक्सेलांचे गुणोत्तर सांगते. आकड्यांच्या या गोंधळात ती प्रामाणिक वाटते. सगळ्या कंपन्यांनी ती अजून स्वीकारलेली नाही.

किती हर्ट्झ पुरे?

या प्रश्नावर मते सर्वाधिक ताणली गेली आहेत, म्हणून आधी हिशेब पाहू. साठ हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. साठवरून १४४ वर गेल्यास फ्रेममागे जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० वर जाताना तीनही वाचत नाहीत. "१४४ च्या पुढे पैसे वाया" म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद याच उतरणीवर उभा आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की फरक विलंबापुरता नाही, धूसरपणाचाही आहे. एलसीडी फ्रेम धरून ठेवतो आणि आपली नजर मात्र वस्तूबरोबर सरकत राहते, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर चित्र फासले जाते. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू साठ हर्ट्झवर १६ पिक्सेल फासते, २४० वर चार, ४८० वर दोन. पिक्सेल कितीही चपळ असला तरी हा भाग केवळ हर्ट्झ वाढवल्याने किंवा बॅकलाइट विझवल्यानेच कमी होतो. हा युक्तिवादही बिनतोड आहे.

संशोधन दोन्हींना थोडे-थोडे देते. २००६ मध्ये मार्क क्लेपूल आणि सहकाऱ्यांनी नेमबाजीच्या खेळावर प्रयोग केला. फ्रेम रेट घटला की खेळाडूची कामगिरी स्पष्टपणे ढासळते, रिझोल्यूशन कमी केल्याने फारशी ढासळत नाही, असे त्यांना दिसले. मात्र तो प्रयोग साठ फ्रेमपर्यंतच होता. २०१५ मध्ये जेम्स डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डोळा हलत असताना तीक्ष्ण कडा असलेल्या चित्रातली लुकलुक माणसाला ५०० हर्ट्झपर्यंत जाणवू शकते. "डोळ्याला अमुक हर्ट्झपुढे दिसतच नाही" हे ठाम विधान त्यामुळे टिकत नाही. पण जाणवणे आणि त्याने खेळ सुधारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण खेळणाऱ्याला २४० च्या पुढे नेमका किती फायदा होतो, हा प्रश्न अजून उघडाच आहे.

या चर्चेचा एक चांगला परिणाम खेळ न खेळणाऱ्यांच्याही पदरात पडला. साधे, स्वस्त ऑफिस मॉनिटरही आता १०० किंवा १२० हर्ट्झचे येऊ लागले आहेत. लांबलचक पीडीएफ किंवा एक्सेलची शीट वरखाली सरकवताना अक्षरे धावतानाही वाचता येतात. साठवर ते जमत नाही. माझ्या मते रोजच्या कामातला हर्ट्झचा खरा फायदा हाच आहे, आणि तो शंभर-सव्वाशेपर्यंत बहुतांश मिळून जातो.

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोज अनेकदा तो साठवरच चालवते. डिस्प्ले सेटिंगमधल्या "ॲडव्हान्स्ड डिस्प्ले"त जाऊन रिफ्रेश रेट हाताने बदलावा लागतो. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टमधून मोठे रिझोल्यूशन आणि मोठा वेग एकत्र जातही नाही, तिथे डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी लागते. महिनोन्महिने साठवर खेळून "काहीच फरक नाही" असे प्रामाणिकपणे सांगणारे लोक यातूनच तयार होतात. प्लेस्टेशन ५ जोडणाऱ्याने एचडीएमआय २.१ पाहावे, पण त्या आकड्यामागे प्रत्येक सुविधा असेलच असे नाही. फोरकेला १२० हर्ट्झ मिळतात का, हे मॉडेलच्या तपशिलातच शोधावे. १४४० पिक्सेलचे मॉनिटर तर या कन्सोलला सप्टेंबर २०२२ च्या अपडेटनंतरच नीट चालू लागले.

आकार, रिझोल्यूशन आणि देवनागरी

या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हा आहे. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात. तेच फुल एचडी २७ इंचांवर ताणले की ८२ उरतात. २७ इंचांवर क्यूएचडी म्हणजे २५६० गुणिले १४४० घेतले तर १०९, आणि २७ इंची फोरकेवर १६३. खेळाच्या बाजूने पाहता क्यूएचडीत फुल एचडीच्या पावणेदोन पट पिक्सेल आहेत आणि फोरकेत चौपट, आणि ते सगळे ग्राफिक्स कार्डला प्रत्येक फ्रेममध्ये रंगवावे लागतात. फुल एचडीचे समर्थक म्हणूनच सांगतात की मध्यम कार्डवर जास्त फ्रेम मिळवायच्या तर पिक्सेल कमी ठेवा. खेळ विकणाऱ्या स्टीमच्या पाहणीतही फुल एचडी वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिले. डीएलएसएस आणि एफएसआर या तंत्रांनी या म्हणण्याची धार कमी केली आहे. खेळ कमी पिक्सेलवर रंगवून नंतर मोठा करता येतो, आणि क्यूएचडी किंवा फोरकेवर तो निकाल फुल एचडीपेक्षा बहुधा सरस दिसतो.

वाचनाच्या बाजूने मात्र गणित वेगळे आहे, आणि मराठी वाचणाऱ्यासाठी ते इंग्रजी परीक्षणांत सापडत नाही. १०० टक्के स्केलिंगवर दहा पॉइंटचा मजकूर म्हणजे उंचीला तेरा-चौदा पिक्सेल. रोमन लिपीला एवढे पुरतात. देवनागरीला याच उंचीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसवायचे असतात, खाली उकार आणि ऋकार. मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम सात-आठ पिक्सेल येतात. "उद्ध्वस्त" हा शब्द २४ इंची फुल एचडीवर जवळून पाहा. "द्ध्व" हे जोडाक्षर करड्या ठिपक्यांचा पुंजका होते, आणि माहीत असलेला शब्द म्हणूनच आपण तो वाचतो. "ऱ्हास"मधला अर्धा र किंवा "कीर्तीं"मधले रफार-अनुस्वार एकमेकांत मिसळतात. मुद्रितशोधन करणाऱ्याला, सातबारा किंवा न्यायालयाचे आदेश पडद्यावर वाचणाऱ्याला हा रोजचा ताण आहे.

विंडोजमधले क्लियरटाइप पिक्सेलचे लाल, हिरवे, निळे उपपिक्सेल वेगवेगळे वापरून अक्षरे धारदार करते. पण ते उपपिक्सेल आडव्या दिशेने एकाशेजारी एक असतात, म्हणून ही धार कान्यासारख्या उभ्या रेषांना मिळते, आडव्या शिरोरेषेला नाही. ॲपलने तर २०१८ च्या मोहावेपासून हे तंत्रच सोडले, त्यामुळे मॅकबुकला कमी घनतेचा मॉनिटर जोडला की मजकूर मऊ, पुसट वाटतो. देवनागरीसाठी उपाय एकच, जास्त पिक्सेल. २७ इंची क्यूएचडीवर फरक लगेच जाणवतो. २७ इंची फोरकेवर १५० टक्के स्केलिंग केले की तेवढ्याच आकाराच्या अक्षराला दीडपट पिक्सेल मिळतात आणि जोडाक्षरे छापल्यासारखी दिसतात. अडचण जुन्या सॉफ्टवेअरची. काही छापखान्यांत आजही चालणाऱ्या पेजमेकरसारख्या प्रोग्रॅमला स्केलिंग कळत नाही. तिथे मेनू एक तर सूक्ष्म दिसतात किंवा धूसर. अशा ठिकाणी स्केलिंगशिवाय चालणारा २७ इंची क्यूएचडीच सोयीचा.

वक्र आणि अतिरुंद पडद्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ३४ इंची अतिरुंद पडद्यावर दोन दस्तऐवज शेजारी मांडता येतात आणि शर्यतीचे खेळ छान वाटतात. कन्सोल आणि बहुतेक व्हिडिओ मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवतात. वक्रता आवडीचा प्रश्न आहे, तक्ते आणि नकाशे काढणाऱ्यांनी सपाट घ्यावा.

ओएलईडी: सर्वोत्तम चित्र, न मिटलेली शंका

२०२२ मध्ये एलियनवेअरचा ३४ इंची क्यूडी-ओएलईडी मॉनिटर आला आणि चर्चेचे केंद्र सरकले. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो. काळा रंग खरोखर काळा, आणि रंगबदल एका मिलिसेकंदाच्याही अंशात. २०२४ पासून ३२ इंची फोरके २४० हर्ट्झ आणि २७ इंची क्यूएचडी ३६० हर्ट्झ असे पडदे मिळू लागले. खेळ आणि चित्रपटांपुरते पाहिले तर याच्या जवळ जाणारा एलसीडी नाही, यावर परीक्षकांचे जवळपास एकमत आहे.

मतभेद सुरू होतात ते रोजच्या कामावरून. पहिली शंका बर्न-इनची. टास्कबार, ब्राउझरची पट्टी, एक्सेलच्या चौकटी तासनतास एकाच जागी असतात आणि तिथले पिक्सेल आधी झिजतात. ऑस्ट्रेलियातल्या मॉनिटर्स अनबॉक्स्ड या चॅनेलने २०२४ पासून एक क्यूडी-ओएलईडी मॉनिटर विशेष काळजी न घेता रोजच्या ऑफिसकामाला जुंपला आणि त्याचे अहवाल वेळोवेळी दिले. दोन खिडक्या शेजारी ठेवून काम केल्याने त्या जिथे मिळतात तिथे मधोमध एक पुसट रेषा काही महिन्यांत दिसू लागली. ती एकरंगी पार्श्वभूमीवरच कळते, रोजच्या वापरात फारशी जाणवत नाही. आशावादी म्हणतात, एवढ्या कठोर वापरात एवढीच झीज म्हणजे उत्तम. सावध लोक विचारतात, मॉनिटर आपण सात-आठ वर्षे वापरतो, तेव्हा पाचव्या वर्षी काय? या पडद्यांना बाजारात अजून तेवढी वर्षेच झालेली नाहीत. दोन्ही म्हणणी रास्त आहेत.

दुसरी शंका मजकुराची. क्यूडी-ओएलईडीत उपपिक्सेल त्रिकोणात मांडलेले असतात, हिरवा वर, लाल आणि निळा खाली. त्यामुळे आडव्या कडेवर एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी झाक येते. इंग्रजी मजकुरात आडव्या कडा तुटक असतात, म्हणून अनेक परीक्षक "सवय होते" म्हणून पुढे जातात. देवनागरीत शिरोरेषा ही प्रत्येक शब्दावरून जाणारी अखंड आडवी कड आहे. पांढऱ्या पानावर काळ्या मजकुराच्या ओळी वाचताना प्रत्येक ओळीवर ती झाक धावते. इंचाला १०९ पिक्सेल घनतेच्या पडद्यावर ती नजरेत भरते, १४० च्या आसपास कमी होते, आणि २०२५ मध्ये आलेल्या २७ इंची फोरके क्यूडी-ओएलईडीवर आणखी जास्त घनतेमुळे जवळपास लपते. एलजीच्या पॅनेलमध्ये चौथा पांढरा उपपिक्सेल असतो, तिथे झाक उभ्या कडांना येते. दोन्ही प्रकारची पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या आता उपपिक्सेलांच्या सरळ पट्ट्यांकडे वळत आहेत, त्यामुळे हा आक्षेप येत्या काही वर्षांत मावळण्याची शक्यता आहे.

तिसरी अडचण आपल्याकडच्या खोल्यांची. क्यूडी-ओएलईडीत ध्रुवीकरणाचा थर नसतो. दिवसा खिडकीचा उजेड पडला की त्याचा काळा रंग जांभळट-करडा दिसतो, म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच दिवसा हरवतो. पूर्ण पांढरा पडदा असताना बहुतेक ओएलईडी उजेडात अडीचशे निट्सच्या आसपास थांबतात, आणि समोर गॅलरीचे दार उघडे असेल तर ते अपुरे पडतात.

एचडीआरचे बिल्ले

एचडीआर म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप गडद भाग दाखवण्याची सोय; तिच्याबद्दल मत थोडक्यात देता येते. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर ही श्रेणी आणली. तिच्यातल्या सर्वांत खालच्या ४०० पातळीला पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची अट नव्हती. पूर्ण पडदा एकदम उजळणाऱ्या एलसीडीवर एचडीआर चालू केले की चित्र बहुधा फिके पडते. २०२४ मध्ये नियम कडक झाले, पण दुकानांत जुन्या नियमांचा माल राहतो. एलसीडीवर खरा एचडीआर हवा असेल तर शेकडो विभागांच्या मिनी-एलईडी बॅकलाइटचा मॉनिटर घ्यावा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या कर्सरभोवती दिसणारे वलय ही त्याची किंमत. हे जमत नसेल तर एचडीआरच्या बिल्ल्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

डोळ्यांचा प्रश्न

पालक विचारतात तो प्रश्न हर्ट्झचा नसतो, डोळ्यांचा असतो. त्यावर विक्रेते निळ्या प्रकाशाचे फिल्टर पुढे करतात. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी पडद्यामुळे येणारा ताण अल्पकाळात कमी होतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमी असे चष्मे सुचवत नाही. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, हे कारण जास्त मान्य आहे. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहण्याचा सल्ला दिला जातो.

बॅकलाइट झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणाऱ्या जुन्या पद्धतीने काहींना डोकेदुखी होते. नवे एलसीडी बहुतांशी यातून मुक्त आहेत. ओएलईडीत प्रत्येक रिफ्रेशबरोबर हलका चढउतार असतो, आणि फ्रेम रेट अस्थिर झाला की गडद दृश्यात लुकलुक दिसते. ती कितीजणांना आणि किती त्रास देते, यावर ठोस उत्तर नाही. शरीराला खात्रीने फायदा देणारी गोष्ट मात्र जाहिरातीत मागे पडते. ती म्हणजे वरखाली होणारा स्टँड. स्वस्त मॉनिटर फक्त मागेपुढे कलतात, त्यामुळे उंच माणसाची मान दिवसभर वाकलेली राहते. असा स्टँड नसेल तर मागे १०० मिलिमीटरची चौकोनी भोके आहेत का पाहावे, म्हणजे बाहेरचा आर्म लावता येतो.

किंमत आणि वॉरंटी

१ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के होता. ३४ इंची अतिरुंद पडदे महाग वाटण्याचे एक कारण हे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरही १८ टक्केच लागतो. आज २४ इंची फुल एचडी आयपीएस दहा हजारांच्या आसपास, २७ इंची क्यूएचडी १४४ ते १८० हर्ट्झ आयपीएस वीस हजारांच्या आगेमागे आणि ओएलईडी पन्नास हजारांच्या घरात किंवा वर, असे ढोबळ चित्र आहे.

वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, पण तिच्यात काय बसते हे कंपनीगणिक बदलते. किती दोषी पिक्सेल असले तर मॉनिटर बदलून मिळेल, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. ओएलईडी घेताना बर्न-इन वॉरंटीत आहे, असे भारतातल्या वॉरंटीपत्रकात लिहिलेले असले पाहिजे. परदेशी परीक्षणातले वचन इथे लागू होईलच असे नाही. ऑनलाइन मागवल्यास खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे, नाहीतर वाहतुकीत फुटलेल्या पॅनेलची जबाबदारी कोणीच घेत नाही.

आज कुठे उभे आहोत

मिटलेले प्रश्न सांगता येतात. रिफ्रेश रेट कार्डाशी जुळवणे सर्वत्र आले, साठ हर्ट्झचा काळ संपला, मिश्र वापरात टीएन मागे पडला. ओएलईडीचे आयुष्य, २४० च्या पुढच्या वेगाचा उपयोग आणि लुकलुकीचा त्रास हे प्रश्न उघडे आहेत.

तरीही घरात एकच मॉनिटर घ्यायचा असेल आणि दिवसाचे जास्त तास त्यावर वाचन-लेखन होणार असेल, तर आज २७ इंची क्यूएचडी, १४४ ते १८० हर्ट्झचा आयपीएस, वरखाली होणारा स्टँड असलेला, हीच माझी शिफारस आहे. खेळ हौशी असेल आणि काम मुख्यतः देवनागरी मजकुराचे, तर तेवढ्याच आकाराचा फोरके घ्यावा आणि वेगात थोडी तडजोड करावी. खोली अंधारी, खेळ आणि चित्रपट मुख्य, काम तुरळक, असे असेल तर ओएलईडी घ्यायला हरकत नाही. बजेट दहा हजारांचे असेल तर २४ इंचांवर थांबावे. २७ इंची फुल एचडी कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नये.

एक विनंती मराठीत मॉनिटरची परीक्षणे करणाऱ्यांना. खेळाच्या फ्रेम आणि रंगांचे आलेख देताच आहात, त्यासोबत दहा पॉइंटमधल्या मराठी परिच्छेदाचे जवळून काढलेले छायाचित्रही द्या. आणि खरेदीला निघालेल्या वाचकाने पेनड्राइव्हवर आपल्या रोजच्या कामातली एक मराठी पीडीएफ न्यावी, दुकानातल्या पडद्यावर ती १०० टक्क्यांवर उघडावी, आणि ती दहा मिनिटे वाचून झाल्यावरच किमतीचे बोलणे सुरू करावे.